कथेच्या गेममध्ये कलाटणी कशी रचावी

गेम लिहायला बसलेल्या प्रत्येकाला पहिला सल्ला मिळतो तो असा: ‘शेवटी असा धक्का द्या की कुणाच्या ध्यानीमनी नसेल.’ हा सल्ला मनावर घेऊ नका. ध्यानीमनी नसलेलं काहीही शेवटी आणून टाकता येतं, त्याला कसब लागत नाही. चांगली कलाटणी आली की खेळणारा क्षणभर बटण सोडतो, मागचे चार प्रसंग आठवतो आणि म्हणतो, ‘अरे, हे तर माझ्यासमोरच घडलं होतं.’ ते कसं साधायचं, तेवढंच इथे सांगतो.

आरपीजी मेकर किंवा गेम बनवायचं तसलं एखादं साधन तुमच्याकडे आहे, नकाशे आणि पात्रं तयार आहेत, स्विच आणि व्हेरिएबल (खेळणाऱ्यानं काय केलं ते गेमला लक्षात ठेवायला लावणाऱ्या नोंदी) म्हणजे काय ते कळतं, असं धरून चालतो. पुढे काही गाजलेल्या गेममधली रहस्यं उघड होणार आहेत. ते गेम खेळायचे राहिले असतील तर आधी खेळून या.

१. दोन वाक्यं लिहा

पहिलं वाक्य: खेळणारा काय समजत होता आणि खरं काय निघालं. दुसरं वाक्य: खेळणाऱ्यानं स्वतःच्या हातानं केलेली कोणती गोष्ट त्यामुळे वेगळी ठरली.

दुसरं वाक्य जमत नसेल तर तुमची कलाटणी कादंबरीची आहे. २००३ सालच्या ‘स्टार वॉर्स: नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक’मध्ये आपण ज्याचं नाव ठेवतो, चेहरा निवडतो, ज्याला गावोगाव फिरवतो, तोच दहशतीचा जुना सरदार रेव्हन निघतो, त्याची स्मृती पुसलेली असते. ‘फायनल फँटसी ७’मध्ये (१९९७) नायक क्लाउड आपली पूर्वकथा सांगतो आणि ती पूर्वकथा आपण स्वतः चालत खेळतो. पुष्कळ पुढे गेल्यावर कळतं की त्या भूमिकेत क्लाउड नव्हताच, झॅक नावाचा दुसरा सैनिक होता. आपण एक खोटी आठवण स्वतःच्या बोटांनी खेळलो, ही बोच पडद्यावर नुसतं बघून येत नाही.

माझ्या गेममधलं उदाहरण पुढे धरून चालू. बेळगाव जिल्ह्यातला खानापूर तालुका, पावसाळ्याचे दिवस. नायक विशीतला मुलगा, आजोबांच्या शेताचे जुने उतारे शोधतोय. सोबतीला पुण्याहून आलेले सदानंदकाका. त्यांना कन्नड येत नाही, म्हणून गावागावांत कन्नड बोलणं झालं की नायक त्यांना मराठीत सांगतो. प्रत्येक वेळी खेळणाऱ्यापुढे तीन पर्याय येतात: सगळं सांग, अर्धं सांग, वेगळंच सांग. कलाटणी अशी की काकांना कन्नड पहिल्यापासून येतं. ते नायकाच्या आजोबांच्याच गावचे. खेळणाऱ्यानं दडवलेला प्रत्येक शब्द त्यांनी ऐकलेला आहे.

२. संकेत पेरा

खरं काम इथे आहे. मला सगळ्यात जड गेलेला टप्पा हाच, आणि याच्याबद्दल मिळणारे सल्ले सगळ्यात वाईट. ‘जागोजागी बारीक संकेत सोडा’ असं सगळे सांगतात. जागोजागी म्हणजे कुठे आणि बारीक म्हणजे किती, हे कुणी सांगत नाही.

कादंबरी वाचणारा पान सोडत नाही. गेम खेळणारा सोडतो. तो संवाद भराभर पुढे ढकलतो, उत्तरेला जायचं असताना दक्षिणेला भटकतो, कपाटातली डायरी उघडतच नाही. म्हणून माझा नियम कडक आहे: कलाटणी ज्या संकेतांवर उभी आहे ते सगळे मुख्य वाटेवर, टाळता न येणाऱ्या प्रसंगात. साइड क्वेस्टमध्ये (मुख्य कथेबाहेरच्या कामांत), वाचायच्या पुस्तकांत, कोपऱ्यातल्या म्हातारीच्या तोंडी ठेवायचे ते जादाचे, शोधणाऱ्याला बक्षीस म्हणून. मुख्य संकेत तिकडे ठेवलात तर निम्म्या लोकांना कलाटणी आभाळातून पडल्यासारखी वाटेल आणि दोष तुमचाच असेल.

दुसरा नियम: प्रत्येक संकेताला त्याच वेळी पटेल असं दुसरं कारण द्या. याला मी पांघरूण म्हणतो. पांघरूण नसलेला संकेत लगेच ओळखू येतो. फार जाड पांघरूण घातलं तर संकेत मागाहूनही आठवत नाही.

‘पर्सोना ५’मधला नमुना बघा. मोर्गाना नावाच्या मांजराचं बोलणं ठराविक लोकांनाच कळतं, बाकीच्यांना नुसतं म्याव ऐकू येतं. टीव्ही स्टुडिओत मोर्गाना एका इमारतीला पॅनकेकसारखी म्हणतो, आणि थोड्या वेळानं भेटलेला अकेची नावाचा तरुण गुप्तहेर सहज पॅनकेकचा विषय काढतो. त्यानं ऐकलं कसं? त्या क्षणी आपण पुढे जातो, कारण कुणीतरी खाण्याबद्दल बोलत होतं एवढंच डोक्यात राहतं. ते बोलणं मुख्य वाटेवर आहे, छोटं आहे, आणि त्याचा हिशोब कितीतरी तासांनी होतो.

आता माझा बसचा प्रसंग. खानापूर स्टँडवरून लोंढ्याकडे जाणारी बस, आत पाय ठेवायला जागा नाही. कंडक्टर ओरडतो, ‘मुंदे होगी, मुंदे!’ काका एक घर, म्हणजे नकाशातला एक चौकोन, पुढे सरकतात. मग भाषांतराची खिडकी उघडते आणि खेळणारा ‘काका, पुढे सरका म्हणतोय’ हे निवडतो. क्रम नीट बघा: कंडक्टरची ओळ, काकांची हालचाल, मग खिडकी. हालचाल खिडकीच्या आधी झाली, हाच संकेत. नुसता एवढाच प्रसंग ठेवला तर लक्ष देऊन खेळणारा जागच्या जागी पकडतो. म्हणून काकांच्या मागे बुट्टी घेतलेल्या एका अव्वाला, म्हणजे म्हातारीला, उभं केलं आणि त्याच क्षणी तिलाही एक घर पुढे ढकललं. आता काका गर्दीच्या रेट्यानं सरकले असं दिसतं. पांघरूण झालं.

अशा ठिकाणी तीन गोष्टी करू नका. संगीत बदलू नका. पात्राचा चेहरा मोठा करून दाखवू नका. आणि नायकाच्या तोंडी ‘हे जरा विचित्र वाटतंय’ हे वाक्य कधीही घालू नका; त्या वाक्यानं खेळणाऱ्याचा शोध तुम्ही हिसकावून घेता.

संकेत एकाच जातीचे असू नयेत. माझ्याकडे बस हा हालचालीचा संकेत आहे. दुसरा न बोलण्याचा: नंदगडच्या बाजारात दुकानदार कन्नडमध्ये विनोद सांगतो तेव्हा सगळे हसतात, काका हातातल्या छत्रीची काडी नीट करत खाली बघत राहतात. पांघरूण असं की छत्री आदल्या प्रसंगात मोडलेली असते. तिसरा संकेत खेळणाऱ्याच्याच हातातला: त्यानं तलाठ्याचं बोलणं अर्धं सांगितलं असेल तर त्या रात्री काका जेवण अर्धवट टाकून उठतात, पूर्ण सांगितलं असेल तर ताट पुसून खातात. कारण विचारलं तर प्रवासाचा शीण सांगतात. हा तिसरा संकेत मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण कादंबरीत तो करताच येत नाही.

आपल्या भागात लिहिणाऱ्यांना एक कळकळीची सूचना. कन्नड येणं किंवा मराठी येणं हा कुणाचा दोष म्हणून दाखवू नका. बेळगाव, निपाणी, खानापुरात एकाच कट्ट्यावर दोन्ही भाषा चालतात, घराघरांत चालतात. काकांनी लपवलं, हा त्यांचा अपराध. आणि त्यालाही कारण आहे, त्यांच्या वडिलांचं शेत नायकाच्या आजोबांकडे कसं आलं ते त्यांना दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं होतं. भाषेवरून खलनायक ठरवणारी कलाटणी आळशी असते, शिवाय ती आपल्याच शेजाऱ्याला लागते.

आणि एक तांत्रिक गोष्ट, कारण देवनागरीत काम करणाऱ्याला कुणी सांगत नाही: मजकूर एकेक अक्षर उमटवायचा परिणाम लावला तर पुष्कळ साधनांत काना-मात्रा सुटतात, जोडाक्षरं फुटतात. महत्त्वाच्या ओळी तरी एकदम दाखवा. संकेताची ओळच वाचता आली नाही तर वरची सगळी मेहनत पाण्यात.

३. उलगडा

छोटा ठेवा. माझ्याकडे कन्नडमध्ये एक दीर्घ बोलणं होतं, नेहमीची खिडकी उघडते, आणि खेळणारा पर्याय निवडायच्या आत काका म्हणतात, ‘राहू दे बाळ. कळतंय की मला सगळं.’ तोवर पुणेरी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी इकडचं ‘की’ आलं, तिथेच उलगडा संपला. त्यानंतर ते फक्त खेळणाऱ्यानं दडवलेल्या गोष्टी एकामागून एक म्हणून दाखवतात. त्यासाठी प्रत्येक भाषांतराच्या पर्यायाला पहिल्या दिवसापासून वेगळा व्हेरिएबल ठेवा; मागाहून जोडायला गेलात तर अर्धा गेम उसवावा लागेल.

ज्यानं एकदाही लपवलं नाही त्याच्यासाठी वेगळा प्रसंग हवा, आणि तो आधी लिहा. प्रामाणिकपणे खेळणाऱ्याला उरलंसुरलं वाढू नये.

४. नंतर खेळ बदला

कलाटणीनंतरही तेच बटण, तेच काम चालू राहिलं तर ती कलाटणी वाया गेली. ‘फायनल फँटसी १०’मध्ये (२००१) सोबतच्या यूनाच्या यात्रेचा शेवट तिच्या मरणात आहे हे नायक टीडसला कळतं, आणि तोवर आनंदानं पुढे टाकलेलं प्रत्येक पाऊल नकोसं होतं, पुढचा प्रवास तिला वाचवण्यासाठी होतो. माझ्या गेममध्ये भाषांतराची खिडकी बंद होते. लोक आता काकांशी थेट बोलतात आणि नायक बाजूला उभा राहून ऐकतो.

५. तपासणी

गेम माहीत नसलेल्या माणसाला बसवा, स्वतः मागे गप्प बसा. उलगड्याच्या बराच आधी थांबवून विचारा, कुणावर संशय आहे? कुणालाच नसेल तर पांघरूण पातळ करा. सगळ्यांना असेल तर बसमध्ये आणखी गर्दी भरा. मग त्याच माणसाकडून दुसऱ्यांदा खेळवून घ्या आणि बसच्या प्रसंगात स्क्रीनकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघा. गेम लोकांना द्याल तेव्हा वर्णनात ‘शेवटी जबरदस्त ट्विस्ट’ असं लिहू नका. तसं लिहिलं की माणूस पहिल्या मिनिटापासून काकांकडे संशयानं बघतो.