माइनक्राफ्टची सेटिंग दुसऱ्याला देताना: कॉन्फिग फाइल की अख्खा मॉडपॅक?

चवथीला फोंड्याला आमच्या घरी जमणारी भाचरे एरवी वर्षभर एकाच माइनक्राफ्ट सर्व्हरवर खेळतात, आणि डिचोलीच्या भाचीने बसवलेली सेटिंग वाळपईच्या भाच्यालाही हवी असते. अशा वेळी मॉड्सचे (गेममध्ये भर घालणाऱ्या छोट्या प्रोग्रामांचे) अख्खे फोल्डर झिप करून पाठवण्याची पद्धत रूढ आहे. ती सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

समोरच्याकडे तेच मॉड त्याच आवृत्तीचे आहेत का, हे आधी विचारून घ्यावे. असतील, तर केवळ कॉन्फिग फाइली, म्हणजे मॉडची सेटिंग साठवणाऱ्या फाइली, पुरतात. त्या साध्या मजकुराच्या असतात. मॉड चालवणाऱ्या लोडरांपैकी फोर्जवर बहुधा टॉमल आणि फॅब्रिकवर बरेचदा जेसन स्वरूपात. काही केबींच्या या फाइली पावसात रेंज अडखळत असतानाही जातात, आणि घेणाऱ्याला त्या नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. मॉड ज्या जार फाइलीत येतो, ती अशी वाचता येत नाही. जून 2023 मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ हे मालवेअर मॉड आणि प्लगइन उतरवण्याच्या कर्सफोर्ज आणि बुकिट या संकेतस्थळांवरील काही प्रकल्पांतून पसरले, तेव्हा ते संगणकावरच्या इतर जार फाइलींमध्येही शिरू पाहत होते. म्हणजे विश्वासू मित्राने निर्मळ मनाने पाठवलेली जारसुद्धा बाधित असू शकते.

कॉन्फिग देताना गेम पूर्ण बंद करावा, घेणाऱ्याने आपल्या जुन्या कॉन्फिग फोल्डरची प्रत बाजूला ठेवावी आणि ज्या फाइलींत आपण खरोखर बदल केला आहे तेवढ्याच पाठवाव्यात. फोर्जच्या 1.20.1 आवृत्तीत सर्व्हर प्रकारच्या फाइली त्या त्या वर्ल्डच्या (खेळाच्या साठवलेल्या जगाच्या) ‘सर्व्हरकॉन्फिग’ फोल्डरमध्ये असतात आणि खेळाडू जोडला गेला की सर्व्हर स्वतःच त्यांतील मूल्ये त्याच्याकडे पाठवतो, त्यामुळे त्या वाटत बसू नये. ‘कॉमन’ प्रकारच्या फाइली मात्र आपोआप जुळत नाहीत. त्या सगळ्यांकडे सारख्या असाव्यात.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘ऑप्शन्स’ (options.txt) या मजकूर फाइलीमुळे. कळफलकाची मांडणी तिच्यात असते म्हणून मी ती एकदा जशीच्या तशी भाच्याला पाठवली. माझ्या डेस्कटॉपवर रेंडर डिस्टन्स (गेममध्ये किती दूरवरचे दिसावे ते) 24 होते, त्याच्या जुन्या लॅपटॉपवर 8. फाइल बसवताच त्याचा गेम अडखळू लागला, आणि दोष मॉडचा असेल असे समजून तो तासभर एकेक मॉड काढून पाहत राहिला. बिघाड एकाच ओळीत होता. म्हणून त्या फाइलीतल्या ‘की’ (key) या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच उचलून द्याव्यात. आवाज, भाषा, माउसचा वेग आणि रेंडर डिस्टन्स ज्याचे त्याच्याकडे राहू द्यावे.

फाइली बसवून गेम एकदा सुरू केल्यावर कॉन्फिग फोल्डर पुन्हा उघडून पाहावे. तेथे ‘बॅक’ (.bak) शेपटीची नवी फाइल दिसली, तर तुमची एखादी नोंद फोर्जला मान्य झाली नाही आणि त्याने मूळ मूल्य परत आणले, असा त्याचा अर्थ होतो. बहुधा मॉडची आवृत्ती जुळत नसते.

मॉडच वेगळे असतील तर मॉडपॅक, म्हणजे मॉड आणि सेटिंग यांचा एकत्र संच, हवाच, पण तो जार फाइलींचा गठ्ठा नसावा. गेम सुरू करून देणाऱ्या प्रिझम लाँचर या प्रोग्राममध्ये आपले इन्स्टन्स (गेमची स्वतंत्र मांडणी) निवडून एक्स्पोर्टमधून मॉड वाटपाच्या मॉडरिंथ या संकेतस्थळाचा एमआरपॅक तयार करता येतो. त्यात मॉडची यादी, उतरवण्याचे पत्ते आणि प्रत्येक फाइलीचे हॅश (फाइल बदललेली नाही हे ताडण्याचे ठसे) असतात, तर कॉन्फिग ‘ओव्हरराइड्स’ फोल्डरमध्ये जाते. घेणाऱ्याचा लाँचर प्रत्येक मॉड मूळ ठिकाणाहून उतरवतो, हॅश ताडून पाहतो, आणि मॉड लिहिणाऱ्याचे श्रेय त्याच्याकडेच राहते. जो मॉड मॉडरिंथवर सापडत नाही, त्याची जारच पॅकमध्ये जाते; तेथे परवाना वाचणे आवश्यक आहे. ‘ऑल राइट्स रिझर्व्हड’ (सर्व हक्क राखीव) असेल तर ती जार वगळून फक्त दुवा द्यावा. माइनक्राफ्टची स्वतःची जार, बदललेली असो वा नसो, कधीही वाटू नये. माइनक्राफ्ट बनवणाऱ्या मोजांगचे नियम मॉड वाटू देतात, मॉड घातलेला गेम नाही.

एक्स्पोर्ट करताना फाइलींची यादी समोर येते. तीतून सेव्ह्ज, लॉग, स्क्रीनशॉट आणि सर्व्हरचे पत्ते साठवणारी फाइल यांच्यावरची खूण काढावी. लॉगमध्ये संगणकावरचे वापरकर्त्याचे नावही येते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

पॅक एकदा दिल्यानंतर बारीकसारीक बदलांसाठी नवा पॅक काढू नये, कारण तो बसवताना घेणाऱ्याने स्वतः केलेल्या कॉन्फिगवर आपली कॉन्फिग चढण्याची शक्यता असते. तेवढी एक फाइल पाठवून ती कोणत्या फोल्डरात ठेवायची ते लिहावे. पॅकच्या नावात गेमची आवृत्ती, लोडर आणि आपला क्रमांक घालावा. पाठवण्याआधी तो आपल्याच संगणकावर नव्या इन्स्टन्समध्ये इंपोर्ट करून सर्व्हरला जोडून पाहावा आणि मगच भाच्याला फोन करावा.