फाल्गुन-चैत्रात नर्मदेवर गळ टाकताना या चुका टाळा

पहाटे चारला इंदूर सोडायचं, भेरूघाट अंधारातच उतरायचा, बडवाहला चहा घ्यायचा आणि उजाडताना मोरटक्क्याच्या आसपास जागा धरून बसायचं. आपल्याकडच्या बहुतेक गळवाल्यांचा रविवार असाच सुरू होतो. दहा-साडेदहापर्यंत दोरी हलत नाही, मग कंटाळून सामान आवरलं जातं, येताना चिवड्याची पाकिटं घेतली जातात आणि घरी सांगितलं जातं की नदीत मासाच उरला नाही. मीसुद्धा कितीतरी वर्षं हेच केलं. फेब्रुवारीत आपण काठ सोडतो, नेमका तेव्हाच मासा खायला उठत असतो.

पहाटेची सवय आपल्याला उन्हाळ्याने लावलेली आहे. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड किंवा गरम असतं. पाणी अठरा-एकोणीस अंशांच्या खाली गेलं की रोहू, कटला, मृगल यांचं पचन मंदावतं आणि ते खोल डोहात जवळजवळ स्वस्थ पडून राहतात. माघ-फाल्गुनात निमाडातली दुपार तापत असली, तरी रात्र अजून गार असते आणि काठचं उथळ पाणी सगळ्यात आधी थंड होतं. पहाटे तिथे गळ टाकून उपयोग नाही. ऊन चढलं की काळे खडक तापतात, त्यांच्या भोवतीचं गुडघाभर पाणी दोन-तीन अंशांनी वर येतं आणि मासे डोहातून तिकडे सरकतात. म्हणून फेब्रुवारीत अकरा ते चार हीच खरी वेळ. होळीनंतर ती हळूहळू दोन्ही बाजूंना पसरते. एप्रिलच्या मध्यानंतर सगळं उलटं होतं: भर दुपारी काठ ओस पडतो आणि पहाट व तिन्हीसांज कामाची ठरते.

अंदाज बांधण्यापेक्षा माशांच्या टाकीत ठेवतात तो साधा तापमापक दोरीला बांधून सोबत न्या. सावलीतल्या पाण्यात दोन-तीन मिनिटं धरा, मग काठाशी आणि डोहाच्या तोंडाशी वेगवेगळं मोजून पाहा. बावीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान आकडा मिळेल, तिथे बसा. ओंकारेश्वर धरणाच्या लगेच खाली पाणी जलाशयाच्या खोलातून येतं, त्यामुळे तिथला वसंत महेश्वरपेक्षा उशिरा सुरू होतो. मागच्या आठवड्यात महेश्वरजवळच्या मंडलेश्वरला जमलेलं गणित या आठवड्यात धरणाच्या जवळच्या मोरटक्क्याला जमलं नाही, तर गळाला दोष देऊ नका.

आता सगळ्यात मोठी चूक, आणि हिच्यात जीव जातो. नर्मदा आता फक्त सूर्याच्या घड्याळावर चालत नाही, ती टर्बाइनच्या घड्याळावरही चालते. वर पुनासाजवळ १००० मेगावॅटचं इंदिरासागर आहे, त्याच्या खाली ५२० मेगावॅटचं ओंकारेश्वर. विजेची मागणी वाढली की पाणी सोडलं जातं, मागणी उतरली की रोखलं जातं. आकाश निरभ्र, कुठे पावसाचा थेंब नाही, आणि तरी नदी चढते. ७ एप्रिल २००५ च्या रात्री देवास जिल्ह्यातल्या धाराजीला हेच झालं. भूतडी अमावस्येच्या स्नानाला हजारो लोक जमले होते, इंदिरासागरमधून पाणी सुटलं आणि कितीतरी यात्रेकरू वाहून गेले. आपल्या मराठी पंचांगात ती फाल्गुन अमावस्या, इकडच्या हिंदी पंचांगात चैत्राची. दर वर्षी ती तिथी आली की मला तो काठ आठवतो, आणि मधल्या खडकावर खुर्ची टाकून निवांत बसलेला कुणी दिसला की मी जाऊन त्याच्याशी बोलतो.

पाणी चढतंय हे ओळखायचं कसं? पोहोचल्याबरोबर पाण्याच्या अगदी रेघेवर एक काठी रोवा किंवा दगडावर खडूने खूण करा आणि दर दहा मिनिटांनी बघा. निवळ पाण्यात अचानक काड्या, वाळकी पानं, फेस वाहत येऊ लागला, धारेचा आवाज बदलला, मघाशी कोरडा असलेला दगड ओला दिसू लागला, तर दोरी गुंडाळत बसू नका. ती कापा आणि वर या. एकदा एका नावाड्याने लांबूनच हाक मारली होती, "भैया, पानी चढ रहा है, ऊपर आ जाओ." माझी खूण तेव्हा चार बोटं पाण्याखाली गेली होती आणि मला पत्ताही नव्हता. मागे मुख्य काठ आणि मध्ये वाहती धार राहील अशा बेटावर किंवा खडकावर कधीच बसू नका, मासा कितीही लागत असो. सायरन वाजला तर उत्तम, पण त्याच्या भरवशावर राहू नका. धरणापासून लांब गेलात तर चढ उशिरा आणि सावकाश येतो, पण येतो.

माशाच्या दृष्टीनेही हा चढ-उतार समजून घ्यायला हवा. सकाळी चांगला खाणारा मासा मध्येच बंद झाला, तर आमिष बदलायच्या आधी खूण बघा. पाणी उतरत असेल तर उथळातला मासा मुख्य धारेच्या कडेला गेलेला असतो, गळही तिकडेच न्या.

पावसाळ्याची दोरी वसंतात वापरणं ही अगदी सामान्य चूक. भाद्रपदात गढूळ पाण्यात जाड दोरी आणि मोठं शिसं चालून जातं. फाल्गुनात तळाचा वाळूचा कण दिसतो, म्हणजे माशालाही तुमची दोरी दिसते. रोहू-कटल्यासारख्या कार्प माशांसाठी पाव मिलिमीटरच्या आसपासची बारीक नायलॉन दोरी पुरते. शिसं कमी करा आणि काठावर सावली पाडत उभे राहू नका. शिसं कपारीत वारंवार अडकत असेल, तर ते मुख्य दोरीपेक्षा कच्च्या दोरीच्या तुकड्यावर बांधा. अडकलं तर तेवढंच तुटेल, गळ परत येईल.

गोळ्याबद्दल तक्रार नेहमीची: गळ रिकामा येतो, पण मासा लागत नाही. याची दोन कारणं असतात. एक तर गोळा विरघळतोय. कणीक, सत्तू आणि थोडी कुटलेली बडीशेप एवढं पुरेसं आहे, पण मळताना कापसाचे दोन-चार धागे त्यात पिंजून घाला. टाकण्याआधी एक गोळी पेल्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून बघा. मोडली तर पीठ अजून घट्ट हवं. दुसरं कारण म्हणजे बारकी मासळी टोचून टोचून गोळा संपवते. अशा वेळी कणीक सोडा आणि भिजवून अर्धवट शिजवलेले काबुली चणे लावा. पाण्यात चारा मूठ-मूठभर फेकायची घाई नको. गार पाण्यातला मासा थोडंच खातो, आणि त्याचं पोट तुमच्या फुकटच्या चाऱ्यानेच भरतं.

घाटांवर गळ टाकू नका. महेश्वरला, ओंकारेश्वरला लोक श्रद्धेने माशांना पिठाच्या गोळ्या घालतात. त्या माणसाळलेल्या माशांना पकडण्यात कसब नाही आणि कुणाचं मन दुखावण्याची गरजही नाही. परिक्रमावासी वाटेत दिसले तर "नर्मदे हर" म्हणा आणि गळ आवरून वाट द्या. नदीचे आणि जलाशयांचे मासेमारीचे हक्क अनेक ठिकाणी सहकारी संस्थांकडे असतात, म्हणून जागेची परवानगी आधी मत्स्य विभागात विचारून घ्या. १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंदच असते.

शेवटी महाशीर, इथल्या लोकांचा बाडस. २०११ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा ठरवलं, पण धरणांमुळे वाहती, खडकाळ, स्वच्छ धार तुकड्या-तुकड्यांत उरली आणि तो फार कमी झाला. तो लागला तर सोडायचाच. इथेही चूक होते, ती पाणी गरम झाल्यावर. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण नऊ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना साडेसातच. फाल्गुनात अर्धा तास झुंजलेला मासा सावरतो. वैशाखात तोच मासा पोहत जाताना दिसतो आणि पुढच्या डोहात मरतो. म्हणून गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाका, झुंज लांबवू नका, आणि एप्रिलअखेरीस पाणी अठ्ठावीसच्या वर गेलं की बाडसाच्या वाटेला जाऊ नका. हात ओले करा, मासा वाळूवर टाकू नका, फोटो पाण्यातच काढा. मग त्याचं तोंड धारेकडे करून पोटाखाली नुसता हात ठेवा. कल्ले संथ हलू लागतील, एक-दोनदा तो कलंडेल, त्याला सरळ धरा. शेपटीचा पहिला जोरकस फटका मनगटाला जाणवला की हात काढून घ्या.