पक्ष्यांचा पाणवठा सजवताय? टाइल निवडताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या पाणवठ्याच्या तळाला मी चकचकीत निळ्या टाइल लावल्या होत्या. चिमणी आली, काठावरून आत एक पाय टाकला आणि सर्रकन घसरली. पंख फडफडवत कशीबशी बाहेर पडली. त्यानंतर कितीतरी दिवस पक्षी काठावरूनच पाणी पिऊन जायचे, अंघोळीला एकही उतरेना.

आत गुळगुळीत टाइल लावणं

ही सगळ्यात मोठी चूक. टाइल ओली करून बोट फिरवा. बोट सरकत गेलं, तर ती आतल्या बाजूला नको. मॅट फिनिशची टाइल घ्या, नाहीतर लहान तुकड्यांचं मोझॅक करा. तुकडे जितके लहान तितके सांधे जास्त, आणि त्या सांध्यांवरच पक्ष्याच्या बोटांना पकड मिळते. चकचकीत, नक्षीदार टाइल बाहेरच्या अंगाला आणि खांबाला लावा, तिथे ती शोभते. गुळगुळीत टाइल आधीच बसवली असेल तर उखडू नका. तळाशी चपटे, खरबरीत दगड ठेवा आणि धुताना ते उचलून घासा.

आरशाचे तुकडे मात्र मी बाहेरही लावत नाही. ऊन परावर्तित होतं, आणि काही पक्षी प्रतिबिंबालाच प्रतिस्पर्धी समजून चोची मारत बसतात. कापलेल्या टाइलची धारही बोटाला टोचणार नाही इतकी घासून घ्या.

उरलेली भिंतीची टाइल वापरणं

टाइल उलटी करून मागे पाण्याचे दोन-चार थेंब टाका. थेंब लगेच जिरले तर ती पाणी पिणारी टाइल आहे. सतत पाण्यात राहिली की ती आतून ओलीच राहते, आणि पाणी गोठेल अशा थंडीत तडकते. व्हिट्रिफाइड टाइलचं पाणी शोषण्याचं प्रमाण साधारण 0.5 टक्क्याच्या आत असतं. तीच घ्या, पण पॉलिश केलेली नको, मॅट.

खोलीचा हिशेबही टाइल लावण्याआधी करा. काठाशी पाणी 1-2 सेंमी आणि मध्यभागी फार तर 5 सेंमी, उतार हळूहळू.

चिकटवण्याची घाई

टाइलच्या चार कोपऱ्यांना थोडा थोडा अॅडहेसिव्ह (टाइल चिकटवायचा मसाला) लावला की मधे पोकळी राहते आणि तिथे पाणी शिरतं. पूर्ण पाठीला लावा. वाळल्यावर टिचकी मारून पाहा, पोकळ आवाज आला तर ती टाइल काढून पुन्हा बसवा.

सांधे व्हाइट सिमेंटने भरले असतील तर लगेच पक्ष्यांसाठी पाणी ठेवू नका. ताज्या सिमेंटमधून चुना पाण्यात उतरतो. आठवडाभर ओलं ठेवून पक्कं होऊ द्या, मग काही दिवस पाणी भरा, ओता, परत भरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बहुतेकदा बुरशीनाशक असतं, म्हणून इथे मत्स्यालयासाठीचं सिलिकॉनच वापरा.

सफाईतल्या चुका

क्षारांचा पांढरा थर काढायला व्हिनेगर चालतं, पण ते सिमेंटचे सांधे आणि संगमरवर खातं. अशा ठिकाणी ब्रश आणि साधं पाणीच बरं. साबण तर नकोच. तो राहिला तर पिसांवरचं तेल निघतं आणि पिसं भिजू लागतात. शेवाळ हट्टी असेल तर 1 भाग ब्लीच, 9 भाग पाणी, मग वास जाईपर्यंत धुऊन उन्हात खडखडीत वाळवा. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पाणी रोज बदला. नुसतं ओतून देणं पुरत नाही. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी काठ आणि सांधे ब्रशने खरवडून घासा.

पाणी झपाट्याने कमी होतंय?

लगेच फोडाफोड करू नका. शेजारी तशाच उन्हात एक पसरट ताट भरून ठेवा आणि दोन्हीकडे पाण्याच्या पातळीवर खूण करा. दिवसभरात दोन्हीकडचं पाणी सारखंच उतरलं तर ते बाष्पीभवन आहे. पाणवठ्यातलं जास्त उतरलं तर एखादा सांधा फुटलाय. पाणवठा पूर्ण वाळवा, बारीक काळसर रेघ दिसते तो सांधा खरवडून पुन्हा भरा, आणि तो पक्का होईपर्यंत पक्ष्यांसाठी तेच पसरट ताट भरून ठेवा.