मोसमी कला महोत्सवाचा साउंड कसा सांभाळावा

महोत्सवात आवाजाचा घोटाळा दिसतो ऐन कार्यक्रमात, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा आधीच्या पंधरा-वीस मिनिटांत असतं. एक संच मंचावरून उतरत असतो, दुसरा चढत असतो, स्टँड इकडचे तिकडे होतात आणि घाईत कुणीतरी केबल शेजारच्या सॉकेटमध्ये खोचतं. मग पडदा उघडतो, गायिकेचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर जातो आणि बाहेर व्हायोलिन ऐकू येतं. एका रात्रीच्या कार्यक्रमात अशी चूक एकदा होऊन संपते. पण कित्येक आठवडे चालणाऱ्या महोत्सवात आज वाद्यवृंद, उद्या नृत्य, परवा नाटक असतं आणि तीच चूक रोज नव्या रूपात भेटते. म्हणून साउंडची देखरेख करणाऱ्याने सगळ्यात जास्त लक्ष दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळेवर द्यावं, असं माझं मत आहे.

दुसरी गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका: मिक्सिंग तुम्ही स्वतः करायचं नाही. ज्याचे हात फेडरवर अडकलेत त्याला विंगेत काय चाललंय ते दिसत नाही. माणसं कमी असतील आणि दोन्ही कामं एकाच्याच गळ्यात पडली, तर निदान अदलाबदलीच्या वेळी कन्सोल (मिक्सर) सोडून मंचावर या.

पायरी १ : आधी कागद, मग केबल

प्रत्येक संचाकडून दोन कागद मागवा: इनपुट लिस्ट आणि स्टेज प्लॉट. किती माईक, कुठली वाद्यं, कोण कुठे बसणार, कुणाला कुठल्या मॉनिटरमध्ये (कलाकाराला ऐकू यावं म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये) काय हवं. संच मोठा असो वा एकट्या कलाकाराचा, सगळ्यांना एकच साधा फॉर्म पाठवा आणि तो परत यायची तारीख ठरवून द्या. फॉर्म आला नाही तर फोन करा. ‘आल्यावर बघू’ म्हणणाऱ्या संचासाठीच मंचावर सर्वांत जास्त पळापळ होते.

हे कागद जमले की संपूर्ण महोत्सवाचा एकच मास्टर पॅच, म्हणजे कुठला माईक कुठल्या चॅनेलवर जोडायचा त्याचा तक्ता, बनवा. तालवाद्यं पहिल्या आठ चॅनेलवर, त्यापुढे तंतुवाद्यं, मग की-बोर्ड, मग गायन, शेवटी प्लेबॅक आणि निवेदकाचा माईक, असा काहीतरी क्रम ठरवा आणि मोसम संपेपर्यंत तो हलवू नका. एखाद्या संचाला तालवाद्यंच नसली तर ते चॅनेल रिकामे राहू द्या. जागा वाचवायला चॅनेल सरकवायचा मोह होतो, पण दहाव्या रात्री अंधारात तुमचा माणूस सवयीने हात घालतो तेव्हा ती गोष्ट तिथेच सापडली पाहिजे. दोन चॅनेल पूर्ण जोडलेले, तपासलेले आणि मोकळे ठेवा. ऐनवेळी पाहुणा कलाकार येतोच.

पायरी २ : जागेचं मोजमाप

रिकाम्या जागेत चालत फिरा. पहिली रांग, मधला भाग, शेवटची रांग, दोन्ही कडा. साध्या स्पीकरचा आवाज उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सुमारे ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे फक्त पुढच्या स्पीकरवर मागचे प्रेक्षक ऐकू लागेपर्यंत पुढच्यांचे कान दुखायला लागतात. लांब मैदानात मध्ये डिले स्पीकर, म्हणजे मुख्य आवाजाशी जुळवून थोडे उशिरा वाजणारे स्पीकर, उभे करावे लागतात.

त्यांची वेळ जुळवणं हे गणिताचं काम आहे. २० अंश सेल्सिअसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. मुख्य स्पीकरपासून ४० मीटरवर डिले स्पीकर असेल तर मुख्य आवाज तिथे पोहोचायला सुमारे ११७ मिलिसेकंद लागतात. तेवढा उशीर द्या आणि वर दहा-पंधरा मिलिसेकंद जास्तीचे. हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात मांडलेल्या निरीक्षणाचा इथे उपयोग होतो: आधी पोहोचलेल्या आवाजाच्या दिशेलाच कान मूळ जागा मानतो, नंतरचा आवाज थोडा मोठा असला तरीही. म्हणजे शेजारचा डिले स्पीकर बोलत असतानाही प्रेक्षकाला आवाज मंचावरून येतोय असंच वाटतं.

उघड्यावर तापमान बदलतं तसा हा हिशेबही बदलतो. दुपारी ३५ अंशांना जुळवलेली व्यवस्था रात्री १५ अंशांवर आली तर ४० मीटरमागे सुमारे ४ मिलिसेकंदांचा फरक पडतो. वर दिलेल्या जास्तीच्या वेळेत तो बहुधा खपून जातो. ८० मीटरवर तो दुप्पट होतो, तेव्हा मात्र संध्याकाळचा वेगळा आकडा लिहून ठेवावा.

पायरी ३ : वीज

इथे तडजोड नको. साउंडसाठी वेगळी लाइन घ्या. दिव्यांच्या डिमरबरोबर ती वाटून घेतली की स्पीकरमध्ये गुणगुण सुरू होते. हमिंग घालवायला प्लगची अर्थिंग पिन काढणारा माणूस दिसला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा. माईक ओठाला लावून उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. ग्राउंड लूप (अर्थिंगच्या दोन वाटांनी होणारं, हमिंग आणणारं वेटोळं) तोडायचा असेल तर डीआय बॉक्सवरचा (वाद्य कन्सोलला जोडणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट किंवा आवाजाच्या लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा.

पायरी ४ : कोण काय करणार

समोरचा मिक्स एकाकडे, मंचावरचे मॉनिटर दुसऱ्याकडे, पॅचिंग तिसऱ्याकडे, वायरलेस आणि बॅटऱ्या चौथ्याकडे. माणसं कमी असली तर कामं जोडा, पण पॅच बदलायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवा. दोघांनी मिळून ‘मदत’ केलेला पॅच शोधायला तिसरा लागतो.

पायरी ५ : साउंड चेक उलट्या क्रमाने

एका दिवसात तीन संच असतील तर शेवटी सादर करणाऱ्याचा साउंड चेक आधी घ्या आणि पहिल्याचा सगळ्यात शेवटी. पहिल्या संचाचा चेक संपला की मंच त्यांच्यासाठीच मांडलेला राहतो. प्रत्येक चेकनंतर कन्सोलवर सीन (त्या संचाच्या सगळ्या सेटिंग्ज) सेव्ह करा आणि नावात तारीख व संच लिहा. ‘नवा १’, ‘नवा फायनल’ अशी नावं पाहिली की मला घाम फुटतो.

सीन बदलताना एक सापळा असतो. निवेदकाचा माईक, संवादाची लाइन आणि सूचनांचा माईक यांचे चॅनेल रिकॉल-सेफ (सीन बदलला तरी न बदलणारे) केलेले नसतील, तर नवा सीन उघडताच निवेदकाचं वाक्य अर्ध्यात तुटतं. हे पहिल्याच दिवशी करून टाका.

पायरी ६ : अदलाबदल

सगळ्या मार्गदर्शकाचा जीव या पायरीत आहे. तिला नृत्यरचनेसारखं बसवावं लागतं: कोण कुठून येतो, काय उचलतो, कुठून जातो. तालवाद्यांसारखा जड पसारा चाकांच्या चौथऱ्यावर मंचामागे आधीच मांडून माईकसकट तयार ठेवा. चौथऱ्यावरच छोटा स्टेज बॉक्स (अनेक माईकच्या केबल एकत्र आणणारी पेटी) असेल तर मंचावर आणल्यावर एकच मल्टिकेबल जोडावी लागते.

क्रम असा ठेवा. आधी कन्सोलवर सगळं म्यूट. हे झाल्याचा इशारा मिळाल्याशिवाय मंचावरच्या माणसाने एकही केबल काढायची नाही. ४८ व्होल्टचा फँटम (माईकला केबलमधूनच दिली जाणारी वीज) चालू असताना केबल ओढली की स्पीकरमधून धाडकन आवाज येतो. मग जुना संच उतरतो, पण त्यांचे माईक आणि केबल तुमचाच माणूस काढतो, कलाकार नाही. मंचावर स्टँडच्या जागी रंगीत टेपच्या खुणा असतात, प्रत्येक संचाला वेगळा रंग. नवा संच बसतो. मग लाइन चेक: पॅचिंगवाला एकेका माईकवर बोलतो किंवा बोटाने हलकं खरडतो, कन्सोलवाला हेडफोनमध्ये ऐकून चॅनेलचा क्रमांक परत सांगतो. प्रेक्षकांना काही ऐकू येत नाही. दोघांनी क्रमांक उच्चारणं महत्त्वाचं. नुसतं ‘आला’ म्हटल्याने कुठल्या चॅनेलवर आला ते कळत नाही.

लाइन चेक पूर्ण झाल्याशिवाय निवेदकाला खूण द्यायची नाही. आयोजक घड्याळ दाखवतील. शांतपणे दोन मिनिटं मागून घ्या. कार्यक्रम दोन मिनिटं उशिरा सुरू झाला ते कुणाला आठवत नाही, पण मुख्य गायकाचा माईक बंद निघाला तर ते सगळ्यांना आठवतं.

पायरी ७ : कार्यक्रम सुरू असताना

मिक्सरपाशी उभे राहू नका, फिरा. शेवटच्या रांगेत शब्द कळतात का ते पाहा. मोठा आवाज आणि स्पष्ट आवाज वेगळे असतात. शब्द कळत नसतील तर बहुधा खालच्या मध्यम फ्रिक्वेन्सीत चिखल झालेला असतो आणि आवाज वाढवून तो आणखी घट्ट होतो.

पातळीवर नजर ठेवा. कार्यक्रमस्थळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दिलेली वरची मर्यादा पंधरा मिनिटांच्या ए-वेटेड (कानाच्या संवेदनशीलतेनुसार तोललेल्या) सरासरीने १०० डेसिबल आहे. स्थानिक कायदा त्याहून कडक असू शकतो, तिथे तोच पाळायचा. मीटर कन्सोलपाशी सगळ्यांना दिसेल असा लावा. वाद कमी होतात. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते तेव्हा वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि दुपारी जिथे काही पोहोचत नव्हतं अशा दूरच्या वस्तीत स्पष्ट ऐकू येतो. लो फ्रिक्वेन्सी आधी उतरवा, तक्रारी बहुतेक तिच्याच असतात.

माईक शिट्टी मारायला लागला की लगेच ईक्यू कापायला (त्या फ्रिक्वेन्सी उतरवायला) धावू नये. आधी बघा, न वापरलेले किती माईक उघडे आहेत. उघडे माईक दुप्पट झाले की फीडबॅकआधीची (शिट्टी सुरू होण्याआधीची) मोकळीक सुमारे ३ डेसिबलने घटते. मग मॉनिटरची जागा बघा. कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरून ऐकणारा माईक बरोबर पाठीमागून सर्वांत कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थेट त्याच्या पाठीमागे. सुपरकार्डिऑइडला (त्याच्याच अधिक अरुंद प्रकाराला) ही बहिरी जागा समोरच्या दिशेपासून दोन्ही बाजूंना सुमारे १२६ अंशांवर असते, म्हणून मॉनिटर त्या कोनांत. माईक बदलला आणि मॉनिटर तसाच ठेवला, हे शिट्टीचं फार सामान्य कारण आहे.

नाटक आणि नृत्याच्या रात्री

नाटकात कलाकारांच्या गालावर किंवा केसांत लपवलेले छोटे माईक बहुधा सगळ्या बाजूंनी ऐकणारे असतात. दोन पात्रं जवळ आली की दोघांचाही आवाज दोन्ही माईकमध्ये जातो आणि पोकळ वाटतो. उपाय एकच: संहिता समोर ठेवून ओळीगणिक फेडर चालवणं. संहिता वाचलेला माणूस नसेल तर ते जमत नाही, त्यामुळे तालमीला त्याला पाठवा. घामाने माईक मंदावतो, तेव्हा मुख्य पात्रांना दुसरा माईक आधीच लावून ठेवणं शहाणपणाचं. मध्यंतरात सगळ्या बॅटऱ्या बदला, निम्म्या भरलेल्या दिसल्या तरी.

नृत्यात सगळी मदार प्लेबॅकवर. फाइल दोन वेगळ्या यंत्रांवर ठेवा आणि दोन्ही कन्सोलला जोडा. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल रूपांतर न होता ४८वर वाजली तर वेग सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो आणि स्वरही चढतो. नर्तक हे पहिल्या आवर्तनातच ओळखतील, पण तोवर उशीर झालेला असेल. नर्तकांना ऐकू यायला विंगेतून दोन्ही बाजूंनी साइड फिल द्या, जमिनीवरचे मॉनिटर पायात येतात.

वायरलेसबद्दल थोडकं. फ्रिक्वेन्सी समान अंतराने लावू नका. ६०० आणि ६००.४ मेगाहर्ट्झवरचे दोन माईक मिळून ५९९.६ आणि ६००.८ वर भुतं तयार करतात; तिसरा माईक नेमका ६००.८ वर असला तर तो खरखरतो. नियोजनाचं सॉफ्टवेअर वापरा, देशाने परवानगी दिलेल्या पट्ट्यातच राहा आणि रोज प्रेक्षक येण्याआधी व नंतर स्कॅन करा.

आणीबाणीचा माईक

एक तारेचा माईक विंगेत कायम ठेवा. त्याचा चॅनेल कुठल्याही सीनने म्यूट होता कामा नये. वादळ, आग, चेंगराचेंगरीची भीती अशा वेळी कार्यक्रम थांबवायचा निर्णय कोण घेणार, संगीत कोण उतरवणार आणि घोषणा कोण वाचणार, ही तीन नावं माईकच्या स्टँडवर चिकटवून ठेवा.

रोज रात्री

आधी अँप्लिफायर बंद, कन्सोल शेवटी. सुरू करताना उलट. शो फाइल दोन ठिकाणी कॉपी करा. उघड्यावर दव पडतं, म्हणून कन्सोल थंड व्हायच्या आत झाका, तेही हवा खेळेल असं, नाहीतर ओल आतच कोंडते. माईकच्या जाळ्या पुसा, बॅटऱ्या चार्जिंगला लावा. वहीत तीन ओळी: काय बिघडलं, कुठल्या चॅनेलवर, काय केलं. ज्या केबलवर संशय आहे तिला गाठ मारून लाल टेप लावा आणि वेगळ्या खोक्यात टाका. ती तपासून सोल्डर होईपर्यंत चालू केबलच्या पेटीत परत जाणार नाही, याची जबाबदारी एकाच्या नावावर लिहा.