हुईचौची सहल आखताय? या चुका टाळा

नकाशात ‘हुईचौ’ टाकलं की जे मोठं शहर समोर येतं, ते तुम्हाला हवं असलेलं हुईचौ नव्हे. ते ग्वांगदोंग प्रांतात, शेनचनच्या शेजारी आहे. पांढऱ्या भिंती, काळी कौलं, तळ्यात उलटं पडलेलं गावाचं प्रतिबिंब असे फोटो बघून आपण ज्याच्यासाठी निघतो, ते हुईचौ आन्हुई प्रांताच्या दक्षिण टोकाला, तिथून आठशेहून जास्त किलोमीटर दूर. चिनी लिपीत दोन्ही नावं वेगळी आहेत, पण रोमन अक्षरांत अगदी सारखी दिसतात. त्यामुळे भलत्याच ठिकाणी बुकिंग व्हायला वेळ लागत नाही. स्वस्तात खोली मिळाली म्हणून खूश होण्याआधी पत्त्यात प्रांत कोणता आहे तेवढं बघा.

आणि आन्हुईतलं हुईचौ तरी आज नकाशावर एकसंध कुठे आहे? ११२१ साली सोंग राजवटीत हे नाव पडलं. त्याखाली सहा तालुके होते: शशिएन, यीशिएन, शिउनिंग, छीमन, चीशी आणि वूयुआन. आता चीशी दुसऱ्या जिल्ह्यात गेलंय, वूयुआन तर शेजारच्या च्यांगशी प्रांतात. उरलेला भाग १९८७ पासून ‘ह्वांगशान शहर’ म्हणून ओळखला जातो, कारण जवळच्या डोंगराचं नाव पर्यटकांना माहीत होतं. जुनं नाव पुसल्याबद्दल तिथले लोक अजून कुरकुरतात, आणि माझ्या मते त्यांचं बरोबर आहे. बहुतेक सहली फसतात त्या याच नावांच्या गुंत्यात.

‘ह्वांगशान’ म्हणजे नक्की कुठलं?

ह्वांगशान हा डोंगर. ह्वांगशान शहर म्हणजे व्यवहारात थुनशी, डोंगरापासून गाडीने तासाभरावर. ह्वांगशान नावाचा एक उपविभागही आहे, तो डोंगराच्या उत्तर अंगाला. डोंगराच्या दक्षिण पायथ्याचं, बहुतेक बस जिथे जातात ते गाव थांगकौ. हॉटेल ‘ह्वांगशान’मध्ये घेतलंत तर ते या चारांपैकी कुठेही निघू शकतं. आणखी एक गंमत: ‘हुईचौ’ नावाचा उपविभाग आजही आहे, पण हुईचौचं जुनं तटबंदीचं शहर त्यात नाही, ते शशिएनमध्ये आहे.

रेल्वे स्थानकांचंही तसंच. हांगचौ किंवा शांघायहून येणाऱ्या वेगवान गाड्या बहुधा ‘ह्वांगशान उत्तर’ला थांबतात. ते थुनशीच्या बाजूला आहे. डोंगर तिथून लांब. एप्रिल २०२४ मध्ये नवा मार्ग सुरू झाला, त्यावर ‘ह्वांगशान पश्चिम’ आणि ‘यीशिएन पूर्व’ ही स्थानकं आली. होंगत्सुन आणि शीदी ही गावं यीशिएनमध्ये येतात. त्यामुळे डोंगर वगळून थेट गावांकडे जायचं असेल, तर यीशिएन पूर्वला थांबणारी गाडी मिळते का ते आधी बघा.

चुकीच्या स्थानकाचं तिकीट निघालं तर घाबरू नका. सगळी स्थानकं एकाच टापूत आहेत, फक्त टॅक्सीचं भाडं वाढतं. तिकीट काढताना नाव मात्र पासपोर्टवर जसं आहे तसंच घाला, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट. कागदी तिकीट मिळत नाही; पासपोर्ट हेच तिकीट, म्हणून तो बॅगेच्या तळाशी ठेवू नका. विक्री साधारण पंधरा दिवस आधी उघडते, दोन महिने आधीपासून शोधण्यात अर्थ नाही.

एका दिवसात तीन गावं

ही सगळ्यात महागडी चूक, कारण ती पैशाने भरून निघत नाही. सकाळी होंगत्सुन, दुपारी शीदी, संध्याकाळी आणखी एखादं असा बेत केला की सगळी गावं सारखीच वाटू लागतात. तीच पांढरी भिंत, तीच पायऱ्यांसारखी उतरत जाणारी अग्निरोधक भिंतीची टोकं, तेच कोरीव दार.

ही घरं बघायला वेळ द्यावा लागतो. बाहेरून भिंती उंच आणि कोऱ्या, खिडक्या इवल्याशा. आत शिरलं की डोक्यावर चौकोनी आभाळ. आपल्या वाड्याच्या चौकासारखंच, पण फारच अरुंद. चारी बाजूंच्या कौलांचं पाणी आतच पडतं, कारण पाणी म्हणजे धन आणि ते घराबाहेर जाऊ द्यायचं नाही अशी समजूत. होंगत्सुनमधला छंगचीथांग हा वाडा १८५५ च्या सुमाराचा, मिठाच्या व्यापाऱ्याने बांधलेला. त्यातलं लाकडावरचं कोरीवकाम बघायला मान मोडेपर्यंत वर बघत उभं राहावं लागतं.

एवढा पैसा या डोंगराळ, शेतजमीन कमी असलेल्या मुलखात आला कुठून, हे माहीत नसेल तर गाव नुसतं सुंदर दिसतं आणि विसरलं जातं. इथल्या लोकांत एक जुनी म्हण आहे: गेल्या जन्मी पुण्य केलं नाही म्हणून हुईचौत जन्मलो, तेरा-चौदाव्या वर्षी बाहेर फेकून दिलं. मुलगे कोवळ्या वयात मीठ, चहा, सावकारी अशा धंद्यांत परगावी जात, आणि पैसा गावी पाठवत. बायका मागे राहत. शशिएनजवळच्या थांगयुए गावात रांगेने सात दगडी कमानी उभ्या आहेत, मिंग राजवटीतल्या (१३६८–१६४४) तीन आणि तिच्यानंतरच्या छिंग राजवटीतल्या (१९१२ पर्यंत) चार. त्यातल्या दोन विधवांच्या ‘पातिव्रत्या’साठी उभारलेल्या. त्याच गावात खास स्त्रियांचं पितृमंदिर आहे, चीनमध्ये अशी फार थोडी. फोटो काढून पुढे जाणाऱ्याला या कमानी नुसत्या देखण्या वाटतात.

दोन गावं निवडा, बस्स. होंगत्सुन पाण्यासाठी: गावभर फिरणारे पाट, मध्ये अर्धचंद्राकृती तळं, दक्षिणेला मोठं. शीदी दगडासाठी: वेशीवरची कमान १५७८ सालची. ही दोन्ही गावं २००० साली जागतिक वारशाच्या यादीत आली, म्हणून गर्दीही तिथेच. त्यावर एकच उपाय, गावातच मुक्काम. सहलीच्या बस यायच्या आत तळ्याकाठी गेलात तर सोबतीला असतात ते कलाशाळांचे विद्यार्थी: घडीची स्टुलं, मांडीवर बोर्ड, पायाशी रंगाच्या पाण्याचा डबा. त्यांना हटकू नका, त्यांच्या मागे उभं राहून गाव बघण्यातही मजा आहे.

मुक्कामाची एक अडचण असते. परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे चोवीस तासांत व्हावी लागते. हॉटेलं ती करतात. छोट्या घरगुती मुक्कामांना कधी ते जमत नाही, मग ते ऐन वेळी नकार देतात. बुकिंगनंतर लगेच भारतीय पासपोर्ट आहे असं कळवून होकार लेखी घ्या.

व्हिसाबद्दलचे व्हिडिओ

‘चीनला व्हिसा लागत नाही’ असं सांगणारे व्हिडिओ बहुधा युरोपीय पासपोर्टवाल्यांचे असतात. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, आणि तिसऱ्या देशात जाताना वाटेत २४० तास व्हिसाशिवाय थांबू देणारी जी ट्रान्झिट सवलत आहे, तिच्यातही भारत नाही. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या तुमच्या भावा-बहिणीला ती मिळते, पण पुढचं तिकीट तिसऱ्या देशाचं हवं. अमेरिकेहून येऊन अमेरिकेलाच परत जाणाऱ्याला नाही. एकत्र सहल आखताना हा फरक आधी बोलून घ्या. २०२० पासून बंद असलेली भारत-चीन थेट विमानसेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आहे.

पैसे आणि फोन

यूपीआयवर विसंबून जाऊ नका. घरूनच अलीपे हे पैसे भरायचं चिनी ॲप फोनमध्ये टाका, पासपोर्टने ओळख पटवा आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्डचं कार्ड जोडा. २०० युआनपर्यंतच्या व्यवहारावर शुल्क नाही, त्यावर ३ टक्के लागतात.

पैसे जात नसतील तर दोष बहुधा आपल्याच बाजूला असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असतात, ते चालू करा. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून ते सिम काढून डबीत ठेवू नका. तरीही थोडी रोकड हवीच, खेड्यात भाजी-फळं विकणाऱ्या आजींसाठी.

गूगल आणि व्हॉट्सॲप तिथल्या सिमवर चालत नाहीत. भारतीय रोमिंगवर चालतात. गूगलचे नकाशे मात्र तिथे भरवशाचे नाहीत. रस्त्यासाठी आमॅप हे चिनी नकाशांचं ॲप वापरा.

चुकीचा महिना

ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, तेव्हा सगळा चीन सुटीवर असतो. मार्चअखेर वूयुआनमध्ये मोहरीसारखी पिवळी शेतं फुलतात, पण तेवढ्यासाठी आलेली गर्दीही तितकीच. जून-जुलैचा पाऊस आपल्याला सवयीचा वाटतो, तरी गंभीरपणे घ्या: जुलै २०२० च्या पुरात थुनशीतला मिंग काळातला पूल वाहून गेला आणि शशिएनमधली महाविद्यालय प्रवेश परीक्षा पुढे ढकलावी लागली. पूल नंतर पुन्हा बांधला.

हिवाळ्यात दुसराच फटका. उत्तर चीनसारखी घरं गरम ठेवायची सरकारी सामूहिक सोय यांग्त्सी नदीच्या दक्षिणेकडच्या या भागात नसते आणि वरून उघड्या चौकाच्या घरात थंडी सरळ आत येते. वयस्कर माणसं निखारे ठेवलेल्या लाकडी पिंपात पाय घालून बसतात. खोलीत हीटर आहे का, हे विचारूनच आगाऊ पैसे भरा.

शाकाहाराचा घोळ

‘मी मांस खात नाही’ म्हटलं की डुकराच्या चरबीत परतलेली भाजी येऊ शकते. तिथली प्रसिद्ध छोटी भाजकी रोटी, शाओपिंग, दिसते खारीसारखी खुसखुशीत आणि निरुपद्रवी, पण आत बहुतेकदा सुकवलेल्या मोहरीच्या पाल्यासोबत डुकराचं मांस असतं. ‘मी शाकाहारी आहे, चरबी, मांसाचं किंवा माशाचं पाणीही नको’ हे वाक्य चिनी लिपीत फोनमध्ये साठवा आणि ऑर्डर देण्याआधी दाखवा, नंतर नको. केसाळ बुरशी आलेला तळलेला टोफू दिसायला विचित्र असला तरी तुमच्या कामाचा आहे. तेल कोणतं, तेवढं विचारा. बांबूचे कोंब, नेच्याची भाजी, अंडी, भात यांवर निभतं. मुरवलेला, उग्र वासाचा मांदारिन मासा मासेखाऊंनी जरूर खावा, बोंबलाची सवय असलेल्यांना त्याचं फारसं दडपण येणार नाही.