व्हिएन्टियानला दोन रात्री कशा काढायच्या: पाठीवर सॅक, सोबत नवरा

थायलंडला जाणारे बरेच जण विचारतात शेजारचा लाओस जोडता येईल का, आणि लगेच पुढे म्हणतात की राजधानी व्हिएन्टियानला काही नाहीये म्हणे, थेट उत्तरेचं लुआंग प्रबांग शहरच गाठू. असं करू नका. दोन रात्री द्या. मात्र बँकॉकसारखी धावपळ करायच्या मूडमध्ये गेलात तर बोअर व्हाल हे नक्की, इथे सकाळी फिरायचं, दुपारी पंख्याखाली पडायचं आणि संध्याकाळी मेकाँग नदीवर जाऊन बसायचं, एवढंच टाइमटेबल.

बँकॉकहून रात्रीची स्लीपर ट्रेन घ्या. खालचा बर्थ रुंद आणि थोडा महाग, वरचा अरुंद, त्यामुळे कोण कुठे झोपणार हे भांडण घरीच मिटवून निघा. २०२४ च्या जुलैपासून एक ट्रेन थेट व्हिएन्टियानपर्यंत जाते, पण आम्ही थायलंडच्या सीमेवरच्या नोंग खाय गावात उतरून बसने मेकाँगवरच्या मैत्री पुलावरून गेलो, १९९४ चा पूल आहे, आणि थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डावीकडून तर लाओसमध्ये उजवीकडून, त्यामुळे पुलाच्या टोकाला गाड्या चक्क बाजू बदलतात, ते बघायला मजा येते. ई-व्हिसा आधीच काढा, प्रिंट सोबत ठेवा, आणि ज्या नाक्यावरून आत जाणार तिथे तो चालतो ना हे अर्ज करतानाच बघा.

राहायला नाम फू कारंजं ते नदी या पट्ट्यात बघा, सगळं पायी होतं. लांब जायचं तर लोका नावाचं ॲप आहे, टुकटुकशी घासाघीस वाचते. पैशांचा हिशोब नवऱ्याकडे दिला होता आणि तिथेच गोची झाली, एका डॉलरला वीस हजाराच्या वर किप, म्हणजे लाओसचं चलन, मिळतात, शून्यं मोजता मोजता त्याने चहावाल्या बाईंना दहापट नोट दिली, त्यांनीच हसून परत केली. नोटा वेगवेगळ्या कप्प्यात ठेवा.

पहिल्या सकाळी ऊन चढायच्या आत वाट सी साकेत करा. १८१८ चं देऊळ, १८२८ मध्ये सयामी, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, सैन्याने शहर उद्ध्वस्त केलं त्यातून हे वाचलं, आणि आवाराच्या भिंतीत छोटे छोटे कोनाडे आहेत त्यात हजारो बुद्ध बसलेत. आपल्या घरातल्या दिव्याच्या कोनाड्यासारखेच अगदी. समोर रस्ता ओलांडला की हो फ्रा केव हे जुनं देऊळ. बँकॉकला जो पाचूचा बुद्ध बघायला रांग लावली होती ना, तो २०० वर्षांहून जास्त काळ इथे होता, १७७९ मध्ये सयामी सैन्य घेऊन गेलं. म्हणजे आधी बँकॉक बघून मग इथे आलात तरच ती रिकामी जागा कळते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, एक ओढणी दोघांना पुरते, लुंगीसारखी नवऱ्याला पण गुंडाळता येते.

पातूसाय म्हणजे विजयद्वार, त्यातला साय हा आपला जयच. अमेरिकेने विमानतळासाठी दिलेलं सिमेंट वापरून बांधलं म्हणून त्याला उभी धावपट्टी म्हणतात. वर चढा, दहा मिनिटं पुरे.

कोप सेंटर मात्र चुकवू नका, भले देऊळ एक कमी बघा. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेने या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, त्यातले कितीतरी फुटलेच नाहीत, आजही शेतात निघतात, आणि हात-पाय गेलेल्यांना इथे कृत्रिम अवयव मिळतात. प्रवेश फुकट, पण पेटीत काहीतरी टाकाच. बाहेर आल्यावर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी तलात साओ बाजाराच्या बसस्टँडवरून १४ नंबरची बस, साधारण २५ किलोमीटर, बुद्ध पार्क. १९५८ पासून एका साधूबाबांनी उभं केलेल्या सिमेंटच्या मूर्ती, बुद्धाशेजारी विष्णू, शिव, तीन तोंडी हत्तीवर इंद्र, आपण नावं ओळखत हिंडतो, इतर टुरिस्ट नुसते सेल्फी काढतात.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी नीट ऐका. पपईचं सॅलड दिसतं कोशिंबिरीसारखं पण त्यात पादेक असतं, म्हणजे आंबवलेल्या माशाचं पाणी, म्हणून ऑर्डर देतानाच "बो साय पादेक" म्हणा. चिकट भात बांबूच्या टोपलीत येतो, हाताने गोळा करून खायचा, चमच्याची भानगड नाही. आम्ही शेंगदाण्याची चटणी नेली होती, त्या भाताबरोबर फर्स्ट क्लास.

संध्याकाळी नदीकाठी बायका-पुरुष मोठ्ठ्या स्पीकरवर एरोबिक्स करतात, सामील व्हा, कोणी हसत नाही. मग बीअरलाओ, समोर थायलंडचे दिवे. फुकटचे शॉट मात्र घेऊ नका, २०२४ च्या नोव्हेंबरात लाओसमधल्याच वांग व्हिएंग गावात मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने टुरिस्ट दगावलेत.

पुढे लुआंग प्रबांगची ट्रेन दोन तासांची आहे पण स्टेशन शहराबाहेर लांब आहे, लवकर निघा, पासपोर्ट हाताशी ठेवा, आणि चाकू किंवा डिओचा स्प्रे सॅकमध्ये असेल तर चेकिंगमध्ये अडकाल. देश सोडताना उरलेल्या किपची बोलावेन पठारावरची लाओ कॉफी घ्या, भारतात ते किप कोणी बदलून देत नाही.