गीझर बिघडला की आधी काय तपासावे

गीझरमधून गार पाणी आले की पहिला संशय पाणी तापवणाऱ्या कॉइलवर जातो. पण दोष बरेचदा टाकीच्या बाहेर, प्लगमध्ये किंवा चक्क नळातच सापडतो. म्हणून पाना-पक्कड हाती घेण्याआधी गीझरवरचे दिवे नीट पाहावेत. बऱ्याच गीझरवर दोन दिवे असतात, एक वीज आल्याचा आणि दुसरा पाणी तापत असल्याचा. दोन्ही विझलेले असतील तर गीझरपर्यंत वीजच पोहोचत नसावी. वीज आल्याचा दिवा लागला आहे, पाणी गार आहे आणि तरीही तापण्याचा दिवा लागत नाही, अशा वेळी थर्मोस्टॅट (पाणी ठरावीक तापमानाला आले की वीज तोडणारा भाग) किंवा कटआउट (पाणी प्रमाणाबाहेर तापले की वीज तोडणारा भाग) यांपैकी कोणीतरी प्रवाह तोडलेला असतो. दोन्ही दिवे लागूनही अर्ध्या तासाने पाणी जसेच्या तसे गार असेल, तर मात्र कॉइलवरचा संशय रास्त ठरतो.

वीज पोहोचत नसेल तर एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा स्विच) पडला आहे का ते पाहून प्लगकडे वळावे. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर वीज ओढतो, त्यामुळे त्याला १६ अँपिअरचे सॉकेटच हवे. प्लग काढून पिना उजेडात धरल्या, की एखाद्या पिनेच्या मुळाशी तपकिरी डाग किंवा वितळलेले प्लास्टिक दिसते. ती सैल जोडाची खूण होय. अशा वेळी नुसते सॉकेट बदलल्याने भागत नाही, कारण काळवंडलेली पिन नवे सॉकेटही जाळते. दोन्ही एकदमच बदलावेत.

कटआउट ही थर्मोस्टॅटच्या पाठीमागची राखीव सोय असते. थर्मोस्टॅट चिकटून पाणी प्रमाणाबाहेर तापले की कटआउट वीज तोडतो आणि अनेक मॉडेलमध्ये तो हातानेच पुन्हा दाबावा लागतो. झाकण उघडण्यापूर्वी एमसीबी खाली करावा व प्लग काढावा. नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नये. कटआउट एकदा दाबून पाहायला हरकत नाही, परंतु तो पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅट बदलावा. कॉइल तपासायची झाल्यास तिच्या तारा सोडवून मल्टिमीटर (विजेचा रोध वगैरे मोजणारे यंत्र) लावावा. २००० वॅटच्या चांगल्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली आहे.

पाणी तापते पण पुरत नाही, ही तक्रार सर्वांत फसवी असते. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला २००० वॅटच्या कॉइलला १८ ते २० मिनिटे लागतात. यापेक्षा बराच वेळ लागत असेल तर व्होल्टेज तपासावे, कारण व्होल्टेज १० टक्क्यांनी घसरले तर उष्णता सुमारे १९ टक्क्यांनी घटते. वेळ योग्य असूनही नळाला कोमटच पाणी येत असेल, तर गीझरकडे येणारा गार पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करून फक्त गरम पाण्याचा नळ उघडावा. थोडे पाणी येऊन धार थांबायला हवी. धार चालूच राहिली, तर कोठल्या तरी मिक्सर नळातून गार पाणी गरम पाइपात शिरत आहे आणि गीझर निर्दोष आहे.

पाणी तापताना टाकीतून कढल्यासारखा रटरट आवाज येणे हे कॉइलवर क्षार साचल्याचे लक्षण आहे. क्षारांच्या थरामुळे वीज फार वाया जाते असे समजले जाते, पण खरे नुकसान कॉइलचे होते, कारण थराखाली तिची उष्णता कोंडून ती लवकर जळते. पाणी क्षारयुक्त असेल तर दर एक-दोन वर्षांनी टाकी रिकामी करून कॉइल साफ करावी आणि त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडीही पाहावी. टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच ती बसवलेली असते. झिजून तार दिसू लागली की बदलावी.

टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडणे हा दोष नव्हे, कारण तापताना १५ लिटर पाणी सुमारे २०० मिलिलिटरने फुगते. गीझर बंद असतानाही गळती थांबत नसेल तर व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला असावा किंवा पाण्याचा दाब जास्त असावा. काहीही झाले तरी त्याचे तोंड बुजवू नये. पाणी टाकीच्या जोडांऐवजी तिच्या अंगातूनच पाझरत असेल, तर टाकी बदलण्यावाचून इलाज नाही.

नळाला हात लावताच झिणझिण्या आल्या किंवा गीझर लावताच आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा स्विच) पडू लागला, तर घरगुती प्रयोग तिथेच थांबवून इलेक्ट्रिशियनकडून कॉइल आणि अर्थिंग तपासून घ्यावे. आरसीसीबी वगळून गीझर चालवणे जीवघेणे ठरू शकते.

दुरुस्तीनंतर टाकी पूर्ण भरून गरम पाण्याच्या नळाला फसफस न होता सलग धार आल्यावरच वीज सुरू करावी. कोरड्या टाकीत नवी कॉइलही बघता बघता जळते.